बंद न पडलेली गाडी

पुण्यातली माणसं बीड जिल्ह्यात सहसा लग्नाला नाहीतर जमिनीच्या कामाला जातात. मी एका गाडीची चौकशी करायला गेले होते. खरं म्हणजे शोरूम पुण्यातच होतं आणि गाडीही पुण्यातच येऊन उभी होती. पण मला जे विचारायचं होतं ते शोरूममधल्या कोणाला विचारण्यासारखं नव्हतं.

बाबांनी जानेवारीत एक हायब्रिड गाडी बुक केली होती. आमच्याकडे जुनी छोटी गाडी होती आणि तीही क्वचितच बाहेर निघायची. बाबा निवृत्त झाले होते, मी कंपनीच्या बसने जाते आणि आई गाडी चालवत नाही. आईने विचारलं, "आता नवी कशाला?" बाबा म्हणाले, "अ‍ॅव्हरेज चांगलं आहे." जे महिन्याभरात धड टाकीसुद्धा संपवत नसत, त्यांनी अ‍ॅव्हरेजसाठी गाडी घेणं मला पटलं नव्हतं. पण आमच्याकडे एका प्रश्नावर दुसरा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

या गाड्यांना वेटिंग फार असतं. जूनमध्ये बाबा झोपेत गेले. दिवाळीनंतर शोरूममधून फोन आला, गाडी आली आहे, अभिनंदन. मी काय झालं ते सांगितलं. पलीकडच्या माणसाने आधी 'सॉरी' म्हटलं. मग त्याने नीट समजावलं, की कागदपत्रं देऊन बुकिंग माझ्या किंवा आईच्या नावावर करता येईल, नको असेल तर रद्दही होईल, फक्त सोमवारपर्यंत कळवा. आई म्हणाली, "तूच ठरव," आणि गॅसवर काहीच नसताना स्वयंपाकघरात गेली.

ठरवायचं कसं? गाडी ठेवायची तर ती कशासाठी, हे मला कळायला हवं होतं. बाबांनी तशी गाडी पहिल्यांदा पाहिली ती चौसाळ्याला, उत्तमरावांकडे. लग्नाआधी काही वर्षं बाबा तिथल्या बँकेत नोकरीला होते आणि उत्तमरावांच्या घरातल्या एका खोलीत भाड्याने राहायचे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ते अचानक चार दिवस त्यांच्याकडे राहून आले. येताना खोकंभर सीताफळं आणली. त्यातली निम्मी आम्ही काळी पडू दिली, कारण सीताफळ खायला चौघांनी एकत्र बसावं लागतं आणि आम्ही तिघं वेगवेगळ्या वेळी जेवायचो. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात त्यांनी गाडी बुक केली.

मी उत्तमरावांना मेसेज केला. उत्तर म्हणून त्यांचा फोन आला आणि मी तो उचलेपर्यंत तीनदा वाजला. "ये की माय," ते म्हणाले. "इचारायचं काय त्यात?"

चौसाळा

चौसाळा बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या हायवेवर आहे. बसने मला फाट्यावर सोडलं तेव्हा सकाळचं ऊन कोवळं होतं. दोन्ही बाजूंना दुकानं होती, पाइपांची, बियाण्यांची, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची. एका हॉटेलात मोठ्या कढईत भजी तळणं चाललं होतं. कानात इअरफोन घालून उभं राहायची माझी सवय इथे उपयोगाची नव्हती. माझ्याकडे बघणारी माणसं गाणं संपायची वाट न पाहता सरळ विचारत होती, "कोणाकडं जायाचं?" मी म्हटलं, "उत्तमरावांकडे." त्यावर तिघांनी तीन दिशांना बोटं दाखवली.

मी रस्त्याकडे कान देऊन उभी होते. गाडी आली की आवाज येईल, मग वळून बघायचं, असा हिशोब होता. बऱ्याच वेळाने मागून कोणीतरी म्हणालं, "अनगा न्हवं का? कवाचा मागं उबा हाय मी." माझं नाव अनघा. इथे ते असंच म्हणतात आणि मला ते थोडं हलकं झाल्यासारखं वाटलं. मागे पांढरीशुभ्र मोठी गाडी उभी होती. तिच्या खिडकीतून पांढरी टोपी आणि पांढऱ्या मिशा बाहेर आलेल्या होत्या.

"आवाजच आला नाही," मी म्हटलं.

"त्येच तर," उत्तमराव म्हणाले. "सगळे दचकतेत. परवा एक म्हैस दचकली."

त्यांचं घर गावाबाहेर मळ्यात आहे. नवं, स्लॅबचं, पुढे मोठी फरशी टाकलेली. गाडी फरशीवर थांबली तोच शेजारच्या मळ्यातले दोघं चालत आले. गाडी घेऊन वर्ष उलटलं, तरी तिची चौकशी संपली नव्हती.

"अण्णा, ही चार्जिंगला कुटं लावता वो?"

"लावावी लागत न्हाई, किती येळा सांगू. पेट्रोल टाकायचं. बॅटरी हिची ती भरून घेती. निगताना बॅटरीवर, मग लागंल तसं इंजिन."

"मग लायटीची खरी का पेट्रोलची खरी?"

"दोन्हीची."

"म्हंजे दोन पार्टीत पाय," दुसरा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन त्याने माझ्याकडे बघितलं. मी हसले. उत्तमराव हसले नाहीत. ते पूर्वी पंचायत समितीत निवडून गेले होते, हे मला बाबांकडून माहीत होतं.

"पण नुसत्या लायटीचीच काहून न्हाई घेतली?" पहिल्याने विचारलं.

"अन् ती भरू कुटं बे? हितं हिरीवरची मोटार चालू करायला लाइट कवा येती, ते लाइटवाल्याला बी ठाऊक न्हाई. गाडी घेऊन काय त्याच्या दारात झोपू?"

घरात विमलकाकूंनी, म्हणजे उत्तमरावांच्या पत्नीने, मला जवळ ओढून डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. मला काय करावं कळेना, म्हणून मी तशीच उभी राहिले. बाबा गेल्यावर आमच्याकडे भेटायला आलेली माणसं सोफ्यावर बसून एसीच्या तापमानाबद्दल बोलत होती. काकू रडल्या. रडताना त्यांचं एक लक्ष तव्यावरच्या भाकरीकडे होतं आणि भाकरी फुगल्यावर त्यांनी ती पदराने डोळे पुसत उतरवली.

जेवायला येसराची आमटी होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचा आणि मसाल्यांचा कूट. तो पाण्यात कालवून उकळला की दाट, काळपट, तिखट आमटी होते. त्यात भाकरी चुरायची. मी चमचा मागितला आणि लगेच मागितल्याचं वाईट वाटलं. इथे आधी पुरुष आणि पाहुणे जेवतात. मी पाहुणी म्हणून उत्तमरावांसमोर बसले. नंतर काकू आत एकट्या जेवायला बसल्या, तेव्हा मी पुन्हा त्यांच्याजवळ जाऊन बसले. एकट्याने जेवण्याची मला सवय आहे. दुसऱ्या कोणाला तसं जेवताना बघण्याची नाही.

जेवताना मी उत्तमरावांना विचारलं होतं, "बाबांनी ही गाडी का घेतली असेल?"

"अ‍ॅव्हरेज," ते म्हणाले.

तोच शब्द. मी इतक्या दूर येऊन तोच शब्द ऐकला, म्हणून मला इतका राग आला की मी आमटी पुन्हा वाढून घेतली.

संध्याकाळी फरशीवर खुर्च्या टाकल्या. उत्तमराव ओल्या फडक्याने गाडी पुसत होते. मी म्हटलं, "तुम्ही कशासाठी घेतली?"

"सांगितलं की, अ‍ॅव..." ते थांबले. फडकं पिळलं. "आदी माझ्याकडं जीप व्हती. डिझेलची. ती फाट्यावरनं वळली की गावात आवाज जायचा. पारावरची मानसं उटून उबी ऱ्हायची. अण्णा आले, अण्णा आले. दहा वर्सं असं. मग पडलो इलेक्शनला." त्यांनी आरसा पुसला, मग पुन्हा तोच आरसा पुसला. "दुसऱ्या दिशी जीप घेऊन आलो. तोच आवाज. कोन उटलं न्हाई. एकानं तर पाट केली. त्या दिवसापासून मला त्या आवाजाचीच लाज वाटाया लागली बग. म्हनलं, असली गाडी घिऊ की आलो कवा, गेलो कवा, कुनाला कळूच नये."

आतून काकूंचा आवाज आला. "ह्यांचं झालं. माझं कोन इचारतंय?"

"तुजं काय?"

"जीप व्हती तवर बरं व्हतं," काकू दारात येऊन मला म्हणाल्या. "बीडापस्तोर एक शबुद बोलावा लागत नव्हता. खडखडाटात कुनाला कळतंय बोलतंय का न्हाई. आता ह्या गाडीत गप बसलं की अंगावर येतंय. मग बोलावं लागतंय काय तरी. तीस वर्सांत ह्यांच्याशी बोलले नसंल तेवडं वर्सात बोलले."

"अन् समदं माझंच चुकलेलं," उत्तमराव म्हणाले.

मी हसले, पण ते वाक्य माझ्यात राहिलं. आमच्या जुन्या गाडीतही खडखडाट होता. बाबा चालवायचे, आई त्यांच्या शेजारी, मी मागे. आई काही म्हणाली की बाबा "काय?" म्हणत पूर्ण मान वळवायचे. आई घाबरायची, "तुम्ही रस्त्याकडे बघा." "पण काय म्हणालीस?" "काही नाही." काही वर्षांनी आई गाडीत बोलायचीच थांबली. मी तर इअरफोन लावूनच बसायचे.

पाहुण्यांच्या खोलीत मी आईला मेसेज केला, पोचले, जेवले. तिचं उत्तर आलं, ओके. एवढ्या तीन शब्दांत आमच्या घरात कोणालाच काही कमी वाटत नाही. बाहेर काकू उत्तमरावांना काहीतरी सांगत होत्या आणि ते मधून मधून "बरं" म्हणत होते. मी शब्द कळेनासे होईपर्यंत ऐकत पडले.

धारूर

दुसऱ्या दिवशी उत्तमराव म्हणाले, "चल, तुज्या बापाला दाखवलं ते तुला बी दाखवतो. धारूर. तिकडनंच घाट उतरून बीडाला सोडतो." काकू सकाळीच धपाटी करून बसल्या होत्या. त्या मागच्या सीटवर डब्यासकट बसल्या. मी पुढे, उत्तमरावांच्या डावीकडे.

नेकनूर, मग केज. रस्त्यात ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर भेटत राहिले. प्रत्येकामागे दोन ट्रॉल्या. त्यांत पत्रे, बांबू, पाण्याचे ड्रम, गोणपाटं, कोंबड्यांचं खुराडं, बांधलेली शेळी आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसं. एका ट्रॉलीत एक बाई आरशात बघून केस विंचरत होती. सहा महिन्यांचा संसार असा उघड्यावरून जाताना बघून मी नजर खाली केली. आपल्याला कोणी असं बघितलेलं मला आवडलं नसतं. त्या बाईला मात्र काही वाटलं नाही. तिने आमच्या गाडीच्या काचेतही एकदा स्वतःला बघून घेतलं.

"ह्यांच्यात मानसं मोजत न्हाईत," उत्तमराव म्हणाले. "कोयता मोजतेत. एक कोयता म्हंजे नवरा-बायको, दोघं मिळून. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांदायची. एकट्याला उचल, म्हंजे आगाव पैसं, न्हाई मिळत."

धारूर डोंगरावर आहे. बालाघाटची ही कड इथे एकदम संपते आणि खाली सपाट मुलूख पसरतो. किल्ला गावाला लागूनच आहे. आम्ही आत फिरलो. तटावर वारा असा होता की उत्तमरावांनी टोपी काढून हातात धरली. तळ्यात थोडं हिरवं पाणी होतं. दोन मुली शाळेच्या गणवेशात तटावर बसून एकाच वहीतून पाठ करत होत्या. वाचून झालं की दोघी मिळून ओढणीत चेहरा लपवून हसत. माझ्यासोबत कोणी मैत्रीण असती तर मी किल्ला जास्त बघितला असता, असं वाटलं. मग वाटलं, बाबाही इथे असेच उभे राहिले असतील, हात मागे बांधून. ते कुठेही तसेच उभे राहत.

घाट जिथे सुरू होतो तिथे रस्त्याच्या कडेला सीताफळवाल्या बसतात. उत्तमरावांनी गाडी उभी केली. टोपल्यामागे बसलेली एक वयस्क बाई हात डोळ्यांवर धरून आमच्याकडे बघत होती. त्या गयाबाई.

"आण्णा, ही तीच बंद पडल्याली गाडी नव्हं?"

"बंद न्हवती पडली, गयाबाई. वर्स झालं सांगतोय."

"मग धक्का कशाला मारला सा जनांनी?"

काकू मागे बसल्या बसल्याच हसायला लागल्या. मी विचारलं, "कधी?"

"तुजा बापच व्हता की गाडीत," उत्तमराव म्हणाले.

मी खाली उतरले. गयाबाईंनी मला गोणपाटावर जागा केली, एक पिकलेलं सीताफळ दाबून फोडलं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. मग दोघांनी मिळून, एकमेकांचं तोडत, सांगितलं.

उत्तमरावांनी त्या दिवशी बाबांना गाडी चालवायला दिली होती. उत्तमराव आणि काकू सीताफळं बघायला उतरले. बाबा स्टिअरिंगवर. पुढे वळणावर ऊसतोडीचा ट्रॅक्टर अडकला होता, म्हणून रांग लागली होती. बाबांनी ब्रेकवर पाय ठेवला की इंजिन आपोआप बंद. ट्रॅक्टरवरची माणसं पाय मोकळे करायला उतरलेली. रांग हलली, पण बाबा या दोघांची वाट बघत थांबलेले, म्हणून ही गाडी हलेना.

"बंद आसंल न्हाई तर काय," गयाबाई म्हणाल्या. "ना आवाज, ना धूर. ती पोरं आली. ह्या अंगाच्या खिडकीशी वाकून इचारलं, काका, बंद पडली का? तर त्यो मानूस हसून मान हलवतोय. म्हनले, धक्का मारू का? तर पुन्ना मान हलवतोय!"

"अन् मग सा जन मागं," उत्तमराव म्हणाले. "मी हितनं वरडतोय, आरं बे थांबा, नवी गाडी हाय, पर ऐकतंय कोन! त्यानं काय केलं, ब्रेक सोडला हळूच. चालली गाडी. तर ती पोरं नाचाया लागली, लागली, लागली म्हनून!"

"आमी बी टाळ्या वाजवल्या," गयाबाई म्हणाल्या. "मग त्यो उतरला. हात जोडले सगळ्यांस्नी. पैशाला कोन हात लावंना, तर माझं आख्खं टोपलं घिऊन त्यांच्या ट्रॉलीत ठिवलं. असलं गिऱ्हाईक पुन्ना आलं न्हाई बग. आता हाय कुटं त्यो?"

उत्तमरावांनी टोपी सारखी केली. "गेला," ते म्हणाले. "ही त्याची लेक."

गयाबाईंनी दुसरं अर्धं सीताफळही माझ्या हातावर ठेवलं. माझ्या तोंडात बिया होत्या, त्यामुळे मला बोलावं लागलं नाही.

"मला नंतर आण्णांनी सांगितलं," त्या म्हणाल्या, "दोन इंजनं हायेत म्हनून. एक दमलं की दुसरं वडतंय. मी म्हनलं, म्हंजे कोयताच की. आमी बी तेच केलं जल्मभर. आता आमचा मालक न्हाई, म्हनून हितं बसले टोपलं घिऊन."

घाट

गाडी घाटाला लागली. उतारावर इंजिन बंदच होतं. समोरच्या पडद्यावर एक छोटा बाण चाकांकडून बॅटरीकडे जात होता. बियांचं काय करावं हे न सुचल्यामुळे त्या माझ्या मुठीतच होत्या. मी खिडकीबाहेर बघत विचारलं, "बाबांनी त्यांना सांगितलं का नाही? की गाडी बंद नाही म्हणून?" मला माहीत असलेले बाबा लाजाळू होते, पण इतके नव्हते.

"म्या बी त्येच इचारलं," उत्तमराव म्हणाले. "गाडीत बसलो अन् म्हनलं, काय बे, तोंड शिवलं व्हतं का? तर हसतोय. डोळ्यांतनं पाणी येईपस्तोर हसला. मग म्हनला, उत्तम, ते काय म्हणत होते मला ऐकूच आलं नाही."

"म्हणजे?"

"डाव्या कानानं." उत्तमरावांनी वळण घेतलं. "त्या बाजूनं त्याला ऐकू येत न्हवतं. लई वर्सं झाली म्हनला." ते माझ्याकडे बघायला लागले, मग पुन्हा रस्त्याकडे. "तुला ठाऊक न्हाई?"

गाडीत आवाज नव्हता. त्यामुळे मी उत्तर दिलं नाही, हेही सगळ्यांना ऐकू आलं.

"आमाला वाटलं नंतर तरी घरी सांगितलं असंल," काकू मागून म्हणाल्या. "मी म्हनलंवतं त्याला, घरी सांगा भावजी. तर म्हनला, सांगितलं की त्या दोघी मोठ्यानं बोलायला लागतील. त्यांना मोठ्यानं बोलायचा कंटाळा आहे, वहिनी. मग आत्ता बोलतात तेवढंही बोलणार नाहीत."

जेवणाच्या टेबलावर बाबा भिंतीकडच्या खुर्चीत बसायचे. डावा खांदा भिंतीला. कोणी पाहुणं आलं तरी ती खुर्ची सोडत नसत आणि आई म्हणायची, हट्टी आहेत. गाडीत मान वळवायचे. उजव्या बाजूला बसून चालवणाऱ्या माणसाच्या शेजारी जो बसतो, तो कायम डाव्या कानाशी बसतो. हे मी इथे ओळीने लिहिते आहे, पण घाटात ते ओळीने सुचलं नाही. घाटात मला फक्त ती खुर्ची दिसली.

"ह्याच उतारावर," काकू म्हणाल्या, "मी मागनं इचारलं, पाणी देऊ का भावजी. सादंच, हळूच, आत्ता बोलते तसं. तर त्यानं म्होरं बघत बघतच म्हनलं, नको वहिनी. अन् मग गप झाला एकदम. मला वाटलं माझं काय चुकलं का."

"तेलगावापस्तोर गप," उत्तमराव म्हणाले. "तेलगावात च्या प्यायला थांबलो तवा इचारलं, याला वेटिंग किती असतं. म्या सांगितलं, असंल वर्सभर. तर म्हनला, चालंल."

तेलगावात आम्हीही थांबलो. चहा फार गोड होता. मी मुठीतल्या बिया हॉटेलामागे मातीत टाकल्या. तळहातावर त्यांचे खळगे उमटले होते. परत आले तर उत्तमराव गाडीच्या डाव्या बाजूला बसलेले.

"चालव," ते म्हणाले.

मी म्हटलं, मला लायसन्स मिळाल्यापासून धड चालवलेली नाही. मी म्हटलं, इतकी मोठी गाडी. मी आणखीही काही म्हटलं. "क्लच न्हाई, गेर न्हाई," ते म्हणाले. "चालवून बग, मग घेनार न्हाई म्हन अन् बस मागं. पर न चालवताच न्हाई म्हनू नको."

रस्ता सरळ होता, दोन्हीकडे कापूस फुटलेला. गाडी निघाली हे मला कापूस मागे सरकायला लागला तेव्हा कळलं. पहिली काही मिनिटं मी श्वाससुद्धा मोजून घेतला. एका कुत्र्यासाठी इतक्या जोरात ब्रेक दाबला की काकूंचा डबा सीटखाली गेला. कुत्रं शांतपणे रस्त्यातच बसून राहिलं. त्याला गाडी आल्याचं कळलंच नव्हतं.

"सावकास," काकू मागून म्हणाल्या. अगदी हळू, झोपलेल्या माणसाशेजारी बोलावं तसं. "घाई न्हाई आपल्याला."

मला मान वळवावी लागली नाही.

पुणे

सोमवारी मी शोरूमला फोन केला. नेहमी मी असली कामं मेसेजने करते. गाडी आईच्या नावावर करायची ठरली. आईने कारण विचारलं नाही, फक्त सही करताना चष्मा विसरल्याचं सांगितलं.

गाडी ताब्यात घ्यायला आम्ही दोघी गेलो. तिथल्या लोकांनी हार घातला, नारळ फोडला, आईच्या हातून बॉनेटवर स्वस्तिक काढून घेतलं आणि चारी चाकांखाली लिंबं ठेवली. टाळ्या वाजवायला सगळे दोन्ही बाजूंना उभे राहिले. मी बटण दाबलं. सगळे इंजिनची वाट बघत राहिले. मग चाकाखालचं लिंबू फुटल्याचा आवाज आला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आई माझ्या डावीकडे बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. पहिल्या चौकापर्यंत आम्ही काहीच बोललो नाही. काकूंनी सांगितलं होतं तसं ते अंगावर येत होतं. आई सारखी एसीची झडप वर-खाली करत होती. चौकात सिग्नल लागला. गाडी थांबली आणि उरलासुरला आवाजही गेला.

मी सरळ समोर बघत म्हटलं, "आई, बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. बरीच वर्षं. उत्तमरावांना माहीत होतं. आपण बोललेलं ऐकू यावं म्हणून त्यांनी ही गाडी बुक केली."

समोरून शाळेच्या रिक्षा गेल्या. सिग्नलवरचे आकडे उतरत होते. आईने झडपेवरचा हात काढून घेतला. संध्याकाळी दोघं फिरायला जायचे तेव्हा बाबा नेहमी वाहनांच्या बाजूने चालायचे आणि आईला आतल्या, म्हणजे स्वतःच्या डाव्या बाजूला ठेवायचे. सोसायटीतल्या बायका त्याचं कौतुक करायच्या. दोघं कधी बोलताना दिसली नाहीत, याबद्दल मात्र कोणी काही म्हणत नसे.

आई खिडकीकडे तोंड करून काहीतरी म्हणाली. मागच्याने हॉर्न दिला. मी ब्रेक सोडला.

मला ऐकू आलं होतं. तरी मी विचारलं, "काय?"

"काही न..." आई म्हणाली आणि थांबली. मग ती माझ्याकडे वळली.

"म्हटलं, मला सांगायचं होतं त्यांनी," ती म्हणाली. "मी उजव्या बाजूने चालले असते."